१६व्या वर्षी शूटिंगच्या ऑर्डर घेताय? या चुका टाळा

दहावीची परीक्षा संपली की दरवर्षी तीन-चार पोरं माझ्या स्टुडिओत येऊन बसतात. रील सुंदर करतात, नजर असते, आणि आता त्यावर चार पैसे कमवायचे असतात. मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं, कारण मीही १७व्या वर्षी कराडमध्ये लग्नाच्या शूटिंगपासूनच सुरुवात केली. पण चुका दरवर्षी त्याच. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्नही तोच: "दादा, कोणता कॅमेरा घेऊ?" मेमरी कार्ड कसं सांभाळायचं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

कार्ड पुसायची घाई

फोर-के शूटिंग साधारण १०० एमबीपीएसवर (म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट डेटा) केलं तर मिनिटाला ७५० एमबी जागा जाते. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दीड तासाच्या आतच भरतं. माझी तिसरी ऑर्डर होती. हळदीतच कार्ड भरलं. दुसरं कार्ड घ्यायचे पैसे मी वाचवले होते. मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात लॅपटॉपवर कॉपी लावली आणि वरमाईच्या एंट्रीसाठी बाहेर पळालो. परत आलो तर स्क्रीन काळी. झाली असेल कॉपी, असं समजून कार्ड फॉरमॅट केलं आणि पुढचं शूटिंग सुरू केलं. घरी गेल्यावर कळलं, चार्जिंग संपल्याने लॅपटॉप मध्येच बंद पडला होता.

नवरीचा भाऊ सैन्यात होता. दोनच दिवसांची सुट्टी मिळाली होती, हळद लावून तो त्याच रात्री परत गेला. लग्नात तो नव्हताच. बहिणीच्या गालाला हळद लावताना त्याचा हात थरथरत होता, तो क्लोजअप मी घेतला होता आणि मीच पुसला. वडिलांना घेऊन त्यांच्या घरी सांगायला गेलो. ॲडव्हान्स परत दिला. नवरीची आई एवढंच म्हणाली, "थोडंसं तरी असेल ना रे?" नव्हतं.

तेव्हा मला हेही ठाऊक नव्हतं, की साध्या फॉरमॅटने आतला डेटा लगेच जात नाही, फक्त त्याची यादी पुसली जाते. कार्ड तिथेच बाजूला काढलं असतं तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरंच परत मिळालं असतं. मी त्यावरच मंगलाष्टका शूट केल्या, म्हणून हळद कायमची गेली. तुमच्याकडून चुकून फॉरमॅट झालंच तर कार्ड कॅमेऱ्यातून काढा, पुन्हा एक सेकंदही रेकॉर्ड करू नका.

माझी सवय अशी: कार्ड भरलं की त्याच्या कडेचं लॉक सरकवून शर्टाच्या खिशात, खिशाला चेन. रात्री कितीही वाजोत, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करून, फायली मधूनमधून चालवून बघितल्याशिवाय झोपत नाही. आणि पार्टीने "मिळालं" म्हणेपर्यंत कार्ड पुसत नाही. लेन्स एक कमी घ्या, पण कार्ड दोन जास्त घ्या.

व्हिडिओत दिवे लुकलुकतात

दर सीझनला हा फोन येतोच. कारण साधं आहे: आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० हेलकाव्यांची, आणि पोरांनी सेटिंग शिकलेलं असतं ६० हर्ट्झच्या अमेरिकेतल्या व्हिडिओवरून. सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) आणि १/६० सेकंदाचं शटर (प्रत्येक चित्राला प्रकाश मिळण्याचा वेळ) ठेवलं की कार्यालयातल्या दिव्यांखाली पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेम आणि १/५० ठेवा. स्लो मोशनला ५० फ्रेम आणि १/१००. स्वस्त एलईडी माळा तरीही त्रास देतात, म्हणून मी मुहूर्ताच्या तासभर आधी जाऊन स्टेजचा एक मिनिट शूट करून मोठ्या स्क्रीनवर बघतो. हे "नंतर मिक्सिंगमध्ये (एडिटिंगमध्ये) काढू" म्हणणाऱ्यांनी एकदा काढून बघावं.

हप्त्यावर कॅमेरा

पहिल्या पाच ऑर्डर होईपर्यंत भाड्याने आणा. दादासाहेब फाळक्यांनी आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडीथोडी टिपून दाखवली आणि मग पहिल्या चित्रपटासाठी पैसे मागितले. तुमच्याकडे दाखवायला काय आहे, ते आधी तयार करा.

थोडक्यात

आवाज कॅमेऱ्यावर सोडू नका. भटजींच्या माइकजवळ छोटा रेकॉर्डर ठेवा. सिनेमातलं गाणं टाकून व्हिडिओ यूट्यूबवर चढवलात तर कॉपीराइटचा क्लेम येऊ शकतो, हे पार्टीला आधीच सांगा. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायला प्रमाणपत्र लागतं आणि ते १८ वर्षांच्या आत मिळत नाही; कुणी कितीही आग्रह केला तरी उडवू नका. बारावीच्या वर्षात फेब्रुवारी-मार्चच्या तारखा घेऊ नका.

"पैशाचं बघू नंतर"

कोवळं पोर दिसलं की लोक हेच म्हणतात, त्यात नातेवाईक सर्वांत पुढे. आत्याच्या मुलीचं लग्न फुकट करायचं तर खुशाल करा, पण प्रेमाने करा आणि एकदाच. बाकी सगळं कागदावर. १८ वर्षांच्या आतल्या मुलाने केलेला करार कायद्याने ग्राह्य धरला जात नाही, म्हणून सही आईची किंवा वडिलांची घ्या आणि बोलणी करतानाही त्यांना शेजारी बसवा. किती तासांचं शूटिंग, किती मिनिटांची फिल्म, किती वेळा दुरुस्ती (मी दोनदा करतो), सगळं लिहा. निम्मे पैसे तारीख ठरताना, पाव हळदीच्या दिवशी. उरलेले पाव हातात पडेपर्यंत पार्टीला फिल्म स्टुडिओत बसवून दाखवतो, पेनड्राइव्ह देत नाही.