कवितेचा अभ्यास करताना आणि कविता लिहिताना या चुका टाळा

रसग्रहण लिहायला बसलेले विद्यार्थी बहुधा कवितेचा गद्यात अर्थ सांगत जातात आणि अर्थ संपला की शेवटी ‘भाषा साधी व ओघवती आहे’ एवढे वाक्य जोडतात. अशा लेखनातून कविता काय सांगते ते समजते, पण ती ते कसे साधते याचा पत्ता लागत नाही. त्यासाठी कविता मोठ्याने वाचावी लागते आणि तिची अक्षरे मोजावी लागतात.

तुकोबांचे ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी । कर कटावरी ठेवोनिया’ हे चरण घ्या. हा मोठा अभंग आहे: पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, मिळून 22 अक्षरे. ‘विटेवरी’ आणि ‘कटावरी’ या दुसऱ्या व तिसऱ्या चरणांच्या यमकामुळे विटेवरचे पाय आणि कमरेवरचे हात एका दमात डोळ्यांपुढे येतात, आणि आखूड चौथ्या चरणावर वाणी आपोआप विसावते. रसग्रहणात हे यायला हवे. नुसते ‘यमक साधले आहे’ म्हणणे पुरेसे नाही.

कवितेतला ‘मी’ म्हणजे कवीच, असे गृहीत धरणे ही दुसरी चूक. संत एकनाथांच्या ‘सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला’ या भारुडात बोलणारी बाई सासरच्या माणसांपासून सुटका मागते. तिथे नाथांचे चरित्र शोधण्यात काहीच अर्थ नाही. त्या सोंगाआडून प्रपंचाची आसक्ती सुटण्याची आस बोलते. म्हणून अर्थ लावण्यापूर्वी कोण बोलत आहे आणि कोणाशी, हे ठरवावे.

वृत्ताच्या बाबतीत मात्र सर्वाधिक गोंधळ होतो, आणि तो सोडवण्याजोगा आहे. ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयात वृत्तात आहेत. गण म्हणजे तीन अक्षरांचा गट; लघु म्हणजे एका मात्रेचे ऱ्हस्व अक्षर, गुरू म्हणजे दोन मात्रांचे दीर्घ अक्षर, आणि मात्रा म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळेचे माप. या वृत्ताच्या प्रत्येक चरणात चार ‘य’ गण, म्हणजे लघु-गुरू-गुरू हा क्रम चार वेळा येतो. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ यात ‘स’ आणि ‘भ’ ही अक्षरे ऱ्हस्व असूनही पुढील जोडाक्षराचा आघात त्यांच्यावर येत असल्यामुळे गुरू ठरतात. परंतु ‘तुझ्या’ किंवा ‘पुन्हा’ या शब्दांत तसा आघात येत नाही, म्हणून तिथले ‘तु’ आणि ‘पु’ लघुच राहतात. नियम पाठ करून डोळ्यांनी मात्रा मोजणारा इथेच चुकतो. कोणी ‘भक्तिपंथेचि’ऐवजी ‘भक्तीपंथेचि’ असे उतरवून घेतले, तर वृत्त तिथल्या तिथे मोडते.

आता नवोदिताची अडखळणारी ओळ पाहू: ‘मनातील वेदना सांगू कुणाला’. अक्षरे 12 आहेत आणि मात्राही 20 भरतात, तरीही ओळ भुजंगप्रयातात बसत नाही, कारण ‘ल वे द’ हा गण लघु-गुरू-लघु होतो आणि त्यापुढचा ‘ना सां गू’ तिन्ही गुरूंचा. भुजंगप्रयातासारख्या अक्षरगणवृत्तात, म्हणजे गणांच्या ठरलेल्या क्रमावर बांधलेल्या वृत्तात, बेरीज जुळून भागत नाही, प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते. ‘मनातील पीडा कुणा ऐकवावी’ असे केले की आशय तोच राहतो आणि ओळ चालू लागते. ओळ अडली की आधी गण पाडून नेमका कोणता गण बिघडला ते शोधावे. सगळी ओळ खोडण्याची घाई करू नये.

अशा वेळी ‘ग’, ‘हो’, ‘ते’ असे भरीचे शब्द घालून किंवा शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ वाकवून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. जुन्या कवींनी ही सूट घेतली आहे हे खरे, पण ती अधूनमधून घ्यायची असते. दर दुसऱ्या ओळीत ती लागत असेल, तर त्या आशयाला वेगळे वृत्त हवे आहे असे समजावे. आशय विस्कळीत आणि संवादी असेल, तर कवी अनिलांनी रुळवलेला मुक्तछंद, म्हणजे ठरीव वृत्ताचे बंधन नसलेली रचना, अधिक सोयीचा ठरतो. मात्र त्यातही लय सांभाळावीच लागते, गद्य वाक्य तोडून ओळी पाडल्याने मुक्तछंद होत नाही.

गझल लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी जपाव्यात. मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींत, आणि पुढील प्रत्येक शेराच्या (दोन ओळींच्या द्विपदीच्या) दुसऱ्या ओळीत, काफिया म्हणजे यमक आला पाहिजे. रदीफ, म्हणजे काफियानंतर जसाच्या तसा पुन्हा येणारा शब्द किंवा शब्दसमूह, घेतला असेल तर तोही. तसेच प्रत्येक शेर स्वतंत्रपणे पूर्ण व्हायला हवा. शेर बाजूला काढून एकटा वाचावा. तो आधीच्या शेरावाचून कळत नसेल, तर रचना कविता म्हणून चांगली असू शकते, पण ती गझल नव्हे.