इमर्जर माशी आडवी पडत होती, त्यावरचा उपाय: माझा अनुभव

खानदेशात ट्राउट हा थंड पाण्यातला मासा नाही; तापी-गिरणेचे पाणी त्याला फार उष्ण पडते. म्हणून जळगावच्या घरी त्याला भुलवणाऱ्या, गळावर दोरा-पिसे गुंडाळलेल्या कृत्रिम माश्या बांधायच्या आणि हिमाचलातील तीर्थन नदीवर वापरायच्या, असा माझा क्रम आहे.

तेथील ब्राऊन ट्राउट अनेकदा उडायला तयार झालेल्या कीटकाऐवजी पृष्ठभागाशी कात टाकत अडकलेला कीटक टिपतो, कारण तो सहज निसटत नाही. इमर्जर ही त्याचीच प्रतिकृती. तिचे पोट पाण्याखाली लोंबले आणि पंख तेवढा वर राहिला, तरच ती खरी वाटते. माझ्या माश्या मात्र आडव्या तरंगत.

डच मासेमार हान्स व्हान क्लिंकन यांनी १९८० च्या दशकात घडवलेल्या क्लिंकहॅमर माशीचे तत्त्व पाहून मी वक्र गळ घेतला, पोट दोऱ्याचेच, बारीक ठेवून वळणात खालपर्यंत नेले आणि प्रत्येक माशी पाण्याच्या पेल्यात तपासली. (मे महिन्यात दोऱ्याचे मेण पाघळते, तेव्हा पहाटेच बांधावे.) पंखाला बदकाच्या तेलग्रंथीजवळील पिसे वापरली, त्यांना तरंगवणारे जेल लावू नये, कारण ती चिकटून बसतात. कापडाने टिपून कोरडी पूड पुरते. पोट मात्र मुद्दाम ओले करावे, हीच खरी किल्ली आहे.

पाण्यावर फुगवटा उठतो, पण माशाचे तोंड दिसत नाही, तेव्हा इमर्जरची वेळ समजावी. माशी फुगवट्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला, टाकून दोरी न ताणता प्रवाहाबरोबर येऊ द्यावी.