टोरांटोत नवीन आलाय? मग सेटल व्हायची वाट न बघता गाणं ऐकायला बाहेर पडा

गेल्या महिन्याभरात तीन नवीन कुटुंबांनी मला एकच गोष्ट विचारली, की ताई इथे गाण्याबजावण्याचं काही असतं का, आणि मुलाला व्हिडिओ, अ‍ॅनिमेशन असलं शिकायचंय तर कुठे पाठवायचं. तिघांनाही फोनवर अर्धा अर्धा तास सांगितलं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढते.

आधी एक सांगते. आपल्याकडे सगळे म्हणतात घर मिळू दे, नोकरी लागू दे, गाडी येऊ दे, मग बघू कार्यक्रम वगैरे. आम्हीही तेच म्हणत होतो. २००८ च्या जानेवारीत आलो, स्कारबरोत बेसमेंटमध्ये राहायचो, नवरा रोज इंटरव्ह्यूला जायचा आणि प्रत्येक ठिकाणी कॅनेडियन एक्स्पिरियन्स आहे का हे ऐकून परत यायचा, मी दिवसभर त्या एका खिडकीतून लोकांचे फक्त बूट बघत बसायची. एकदा बँकेच्या कामाला डाऊनटाऊनला गेले होते, थंडी इतकी की कान दुखायला लागले, म्हणून ऑसगुड स्टेशनजवळच्या मोठ्या काचेच्या इमारतीत शिरले. ते होतं फोर सीझन्स सेंटर, ऑपेरा आणि बॅलेचं थिएटर, २००६ साली उघडलेलं. लोक वर चालले होते म्हणून मीही वर गेले. तिकीट कुठे काढायचं विचारलं तर दारातली बाई म्हणाली फ्री आहे, बसा. वर काचेच्या भिंतीला लागून पायऱ्या पायऱ्यांची बसायची जागा आहे, एका आजोबांनी पायरीवरचा आपला मफलर उचलून मला जागा करून दिली. एक मुलगी चेलो, म्हणजे ते मोठं व्हायोलिनसारखं वाद्य, वाजवत होती आणि तिच्या मागे काचेतून युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवर बर्फ पडताना दिसत होता. काय वाजवत होती ते मला तेव्हा कळलं नाही, पण थोड्या वेळाने लक्षात आलं की माझी बोटं मांडीवर आपोआप चालायला लागली आहेत. देश सोडल्यापासून पहिल्यांदा.

तर तो कार्यक्रम अजूनही असतो, सीझनमध्ये आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी बाराला, तासाभराचा, पूर्ण मोफत. कॅनेडियन ऑपेरा कंपनी करते. पियानो, गायन, जॅझ, नृत्य, कधी कधी आपलं भारतीय संगीतही. तारखा त्यांच्या साईटवर बघा, आणि अर्धा तास आधी पोचा कारण जागा भरतात.

असंच युनिव्हर्सिटी ऑफ टोरांटोच्या संगीत विभागाचं. म्युझियम स्टेशनला उतरायचं, मागच्या बाजूला एडवर्ड जॉन्सन बिल्डिंग आहे, तिथे वर्षभर विद्यार्थ्यांचे रिसायटल, म्हणजे छोट्या मैफिली, चालू असतात आणि त्यातले बरेचसे फुकट असतात. मार्च-एप्रिलमध्ये तर त्यांची रांगच लागते. विद्यार्थी म्हणून हलक्यात घेऊ नका, ही मुलं उद्याची मोठी कलाकार असतात आणि समोर वीस-पंचवीस माणसं असली तरी जीव ओतून वाजवतात. अशा वेळी पुढच्या रांगेत बसून ऐकणं हे मला तरी मोठ्या हॉलपेक्षा जास्त भावतं.

आता मोठे हॉल. टोरांटो सिंफनी ऑर्केस्ट्रा रॉय थॉमसन हॉलमध्ये वाजवते (तो १९८२ चा), मॅसी हॉल १८९४ चा म्हणजे अगदी जुना, मोठ्या दुरुस्तीनंतर २०२१ मध्ये परत उघडला. कर्नर हॉल २००९ चा, रॉयल कन्झर्व्हेटरीच्या आवारात, ११३५ खुर्च्या, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतही तंबोऱ्याची तार स्वच्छ ऐकू येते. आपले मोठे कलाकार आले की बहुतेकदा या तिघांपैकी कुठेतरी नाहीतर मेरिडियन हॉलला असतात. मेरिडियनची एक गंमत म्हणजे जुने लोक त्याला वेगवेगळी नावं घेतात, ओकीफ सेंटर, हमिंगबर्ड, सोनी सेंटर, सगळं एकच आहे, १९६० पासून तीन वेळा नाव बदललंय. कोणी सोनी सेंटरला भेटू म्हणालं तर गोंधळून जाऊ नका.

तिकिटं महाग वाटतात आणि असतातही, पण मार्ग आहेत. तिकीट नेहमी हॉलच्या किंवा संस्थेच्या स्वतःच्या साईटवरूनच काढा, सर्च केल्यावर सगळ्यात वर येतात त्या बऱ्याचदा रिसेलवाल्यांच्या साईट असतात आणि तिथे तेच तिकीट दुप्पट भावाने मिळतं. सिंफनी, ऑपेरा, बॅले तिघांकडेही तरुणांसाठी वेगळे स्वस्त दर असतात, तुम्ही पंचविशीत असाल तर आधी तेच बघा. त्याच दिवशी उरलेली तिकिटं कमी भावात सोडतात त्याला रश म्हणतात. आणि माझा खास सल्ला म्हणजे रॉय थॉमसनमध्ये ऑर्केस्ट्राच्या मागच्या बाजूला, कॉयरसाठीच्या, म्हणजे समूहगायकांच्या, जागा असतात, कॉयर नसेल तेव्हा त्या विकतात. आवाजाचा तोल तिथे थोडा बिघडतो हे खरं, पण कंडक्टरचा चेहरा समोरून दिसतो. ऐंशी-नव्वद माणसांना तो डोळ्यांनी कसा सांभाळतो, बासरीवाल्याकडे एक क्षण बघून कसा इशारा देतो, हे एकदा बघाच. माझ्या मुलीला वेस्टर्न संगीताची गोडी तिथेच लागली.

रीतीबद्दल थोडं सांगते कारण पहिल्या वेळी मला कोणी सांगितलं नव्हतं. वेळ म्हणजे वेळ. आठचा कार्यक्रम आठला सुरू, दार बंद, मग तुम्हाला रचना संपेपर्यंत बाहेर थांबावं लागतं. जुलैत फ्रिंज फेस्टिव्हल असतो, नाटकांचा, तिथे तर उशिरा आलेल्याला आतच सोडत नाहीत, तिकीट असो नाहीतर नसो. दुसरं म्हणजे टाळ्या. सिंफनीत एका रचनेचे तीन-चार भाग असतात, मध्ये शांतता होते पण ते संपलेलं नसतं, लोक तिथे टाळ्या वाजवत नाहीत, कंडक्टरचे हात खाली आले आणि तो वळला की मग वाजवायच्या. आपण बैठकीत समेला आलं की मान हलवतो, वाह निघून जातं तोंडातून, इथे ते दाबून ठेवावं लागतं आणि सुरुवातीला जीव घुसमटतो हो. पण जॅझला गेलात तर एकेकाचा सोलो संपला की मध्येच टाळ्या द्यायच्या असतात, तिथे आपल्यासारखीच दाद चालते. म्हणून नवीन माणसाला मी आधी जॅझ ऐकायला सांगते. आणि हिवाळ्यात जाड कोट कोट-चेकला ठेवा, मांडीवर घेऊन बसलात तर दोन तास त्याची सळसळ शेजाऱ्याला होते.

उन्हाळ्यात तर घरात बसायचं कारणच नाही. हार्बरफ्रंटला तळ्याकाठी वीकेंडला मोफत कार्यक्रम असतात, जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातलं संगीत ऐकायला मिळतं. तिथून पश्चिमेला थोडं चालत गेलं की टोरांटो म्युझिक गार्डन लागते. १९९९ मध्ये उघडली, चेलोवादक यो-यो मा आणि ज्युली मॉयर मेसर्व्ही नावाच्या बागरचनाकार बाईंनी मिळून बाख या जुन्या संगीतकाराच्या चेलोसाठीच्या पहिल्या सुइटवर, म्हणजे रचनामालेवर, ही बाग आखली. म्हणजे त्या रचनेचे सहा भाग आणि बागेचेही सहा भाग, कुठे वळणावळणाची वाट, कुठे गवताच्या पायऱ्या. आधी घरी ती रचना ऐका, मग बागेत फिरा, मुलांना हे फार पटकन कळतं. उन्हाळ्यात तिथे फुकट मैफिली पण होतात, सतरंजी न्या.

आपल्या संगीताचं म्हणाल तर इथे ते काल-परवा आलेलं नाही. यॉर्क युनिव्हर्सिटीत त्रिची शंकरन यांनी १९७१ मध्ये भारतीय संगीताचं शिक्षण सुरू करण्यात हातभार लावला आणि नंतर कित्येक वर्षं मृदंग शिकवला. मेनका ठक्कर मुंबईहून इथे आल्या आणि भरतनाट्यमच्या पिढ्या घडवल्या, २०२२ मध्ये त्या गेल्या. लता पाडा यांची संप्रदाय ही नृत्यसंस्था १९९० पासून मिसिसागात आहे. राग-माला ही संस्था शास्त्रीय मैफिली भरवते, त्यांच्या ईमेल यादीत नाव घालून ठेवा. डॉन मिल्सजवळ आगा खान म्युझियम आहे, २०१४ चं, तिथलं छोटं ऑडिटोरियम आपल्या गाण्याला फार छान आहे. मिसिसागात लिव्हिंग आर्ट्स सेंटर, ब्रॅम्प्टनमध्ये रोझ थिएटर, तिकडे राहत असाल तर दर वेळी डाऊनटाऊन गाठायची गरज नाही.

मराठी मंडळ आहेच, गणपती, दिवाळी, नाटक, सगळं होतं, जरूर जा, तिथली माणसं अडीनडीला उभी राहतात. पण फक्त तिथेच जाऊ नका असं मी मनापासून सांगते. मी पहिली तीन वर्षं बाहेर ऐकलं ते सगळं चुकून, वाटेत सापडलं म्हणून. मुद्दाम शोधलं असतं तर किती ऐकून झालं असतं.

आता शिकण्याचं. पहिलं काम म्हणजे लायब्ररी कार्ड. टोरांटोत राहणाऱ्या, काम करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या कोणालाही फुकट, नाव आणि पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं, झालं. टोरांटो पब्लिक लायब्ररीच्या १०० शाखा आहेत, त्यातल्या काहींमध्ये डिजिटल इनोव्हेशन हब आहेत, तिथे व्हिडिओ एडिटिंगचे कॉम्प्युटर, ग्रीन स्क्रीन, आवाज रेकॉर्ड करायची सोय, थ्रीडी प्रिंटर, आणि वापरायला शिकवणारी माणसं. क्लास पण घेतात, पैसे नाहीत. पार्कडेल शाखेत २०१६ पासून वाद्यं घरी न्यायला मिळतात, गिटार, व्हायोलिन, कीबोर्ड, पुस्तकासारखी. मुलाला व्हायोलिन खरंच आवडतंय की नाही हे विकत घेण्याआधी कळतं.

आई गावच्या गणेशोत्सवातल्या नाटकात काम करायची, त्याची एक व्हीएचएस टेप मी भारतातून आणली होती. डिजिटल करायला इथल्या मशीनमध्ये घातली तर नुसत्या काळ्या-पांढऱ्या रेघा वर सरकत होत्या, मला वाटलं टेप गेली, रडूच आलं. टेपला काही झालं नव्हतं. भारतातल्या टेप पाल पद्धतीच्या आणि इथली मशीन एनटीएससीवर चालतात, सेकंदाला २५ चित्रं आणि ३० चित्रं असा फरक आहे, त्यामुळे दोन्ही पद्धती वाचणारा प्लेअर लागतो. तो शोधला आणि आई दिसली, नऊवारीत, डोक्यावरचा पदर सावरत. तुमच्याकडेही अशा टेप असतील तर फेकू नका आणि उशीरही करू नका, टेपवरचा लेप वर्षागणिक झिजतो.

शाळेचं. ओंटारिओत हायस्कूलमध्ये मीडिया आर्ट्स हा रीतसर विषय आहे, कोर्स कोड एएसएम ने सुरू होतो, दहावीपासून घेता येतो. फोटो, व्हिडिओ, आवाज, अ‍ॅनिमेशन असं सगळं त्यात येतं. डिप्लोमाला ३० क्रेडिट लागतात, त्यात कलेचं एक असावंच लागतं, तेव्हा मुलाने हा विषय घेतला तर वर्ष वाया गेलं असं अजिबात नाही. आमच्या मुलाने घेतला तेव्हा नवरा दोन दिवस बोलला नाही, नंतर मुलाने आजीच्या त्या टेपला इंग्रजी सबटायटल घालून वर्गात दाखवली तेव्हा तोच तीनदा बघत बसला. कलेसाठी वेगळ्या शाळा पण आहेत, एटोबिकोक स्कूल ऑफ द आर्ट्स, वेक्सफर्ड वगैरे, प्रवेशाचे नियम अलीकडे बदलत राहिलेत, म्हणून शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी सांगितलेलं धरून चालू नका, स्कूल बोर्डाच्या साईटवर त्या वर्षीचं वाचा. संगीतात रॉयल कन्झर्व्हेटरीच्या परीक्षा असतात, सातवी-आठवी लेव्हल थिअरीसकट दिली की हायस्कूलचं क्रेडिट मिळू शकतं.

मोठ्यांसाठी, म्हणजे ज्यांनी तिकडे थोडंफार शूटिंग, एडिटिंग केलंय त्यांच्यासाठी, ४०१ रिचमंड ही इमारत बघा. पूर्वी तिथे पत्र्याचे डबे छापायचा कारखाना होता, १९९४ नंतर कलाकारांसाठी उभी राहिली. आत व्हिडिओवाल्यांची ट्रिनिटी स्क्वेअर व्हिडिओ ही संस्था आहे, गॅलरी ४४ आहे फोटोवाल्यांची. फिल्मवाल्यांसाठी लिफ्ट नावाची संस्था आहे, १९८१ पासून, दुसरीकडे. अशा ठिकाणी वार्षिक सभासद झालं की कॅमेरे, एडिटिंग रूम बाजारापेक्षा खूप कमी भाड्याने मिळतात, वर्कशॉप होतात, आणि काम करणारी माणसं भेटतात, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिथे कोणी कॅनेडियन एक्स्पिरियन्स विचारत नाही, तुम्ही केलेलं काम दाखवा म्हणतात. टिफ आणि हॉट डॉक्स या फिल्म फेस्टिव्हलना व्हॉलंटियर लागतात, बदल्यात सिनेमे बघायला मिळतात आणि सीव्हीवर इथलं काहीतरी येतं. माझ्या भाच्याला पहिला रेफरन्स तिथल्याच सुपरवायझरने दिला.

टोरांटो आर्ट्स काउन्सिलची ग्रँट असते, नवीन आलेल्या कलाकारांसाठी मेंटरशिपही आहे, पण ती शहराच्या हद्दीत राहणाऱ्यांसाठीच, मिसिसागा-ब्रॅम्प्टनवाल्यांनी आपापल्या शहराचं आणि ओंटारिओ आर्ट्स काउन्सिलचं बघायचं.

स्टुडंट व्हिसावर मीडियाचा कोर्स करायला येणाऱ्यांनो, हे नीट वाचा. खासगी कॉलेजांच्या बहुतेक कोर्सवर नंतरचं वर्क परमिट मिळत नाही. आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून त्या परमिटसाठी कॉलेजच्या डिप्लोमाला अभ्यासक्षेत्राची अट आली आहे, म्हणजे ठरावीक विषयच चालतात, पदवीला ती लागत नाही. फी भरायच्या आधी सरकारी साईटवर स्वतः तपासा, एजंटच्या शब्दावर लाखो रुपये टाकू नका. ओकॅड हे कलेचं विद्यापीठ, टोरांटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठ (जुनं नाव रायर्सन), शेरिडन कॉलेजचं अ‍ॅनिमेशन, ही नावं चांगली आहेत पण तुमचा कोर्स त्या अटीत बसतो का ते आधी.

फोर सीझन्समधल्या त्या दुपारी बाराच्या कार्यक्रमाला एकटं यायला संकोच वाटत असेल तर मला कळवा. मी महिन्यातून एकदा तरी जाते, वरच्या पायऱ्यांवर काचेच्या बाजूला बसते, शेजारची जागा धरून ठेवीन.