सेंद्रिय मांसाच्या लेबलामागचं पशुकल्याण कसं तपासावं

सेंद्रिय शिक्का सगळ्यात ठामपणे सांगतो ते जनावराच्या खाद्याबद्दल आणि औषधांबद्दल. ते किती जागेत वाढलं, उघड्यावर गेलं का, कसं कापलं गेलं, याची उत्तरं प्रमाणकानुसार आणि प्राण्यानुसार बदलतात.

आधी दावा कोणाचा आहे ते पाहा. युरोपीय संघाच्या हिरव्या पानाच्या चिन्हासोबत तपासणी संस्थेचा सांकेतिक क्रमांक असतो आणि त्याची पहिली दोन अक्षरं देशाची असतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा (यूएसडीए) ऑरगॅनिक शिक्का असलेल्या मालावर प्रमाणन संस्थेचं नाव छापणं बंधनकारक आहे. यातलं काही नसेल तर पाकीट तिथेच ठेवा. 'नॅचरल' या शब्दावर तर अजिबात विसंबू नका. अमेरिकेत मांसावर त्याचा अर्थ कृत्रिम घटक नाहीत आणि प्रक्रिया कमीत कमी आहे, एवढाच. जनावर कसं वाढवलं याच्याशी त्याचा संबंध नाही. चिकनवरचं 'हार्मोन्स नाहीत' हेही तसंच पोकळ, कारण तिथे कोंबड्यांना आणि डुकरांना हार्मोन्स द्यायला मुळातच परवानगी नाही.

मग प्रमाणपत्र शोधा. अमेरिकेसाठी ऑरगॅनिक इंटिग्रिटी डेटाबेस आहे, युरोपीय संघासाठी ट्रेसेस ही ऑनलाइन नोंदप्रणाली. नाव जुळतं का, प्रमाणपत्र चालू आहे का आणि त्यात नेमका तो प्राणी आहे का, हे पाहा. शेवटचा मुद्दा बहुतेकांकडून सुटतो. एखाद्या शेताचं फक्त चाऱ्याचं पीक प्रमाणित असू शकतं. शिवाय पाकिटावरचं नाव बऱ्याचदा पॅकिंग करणाऱ्याचं असतं. त्याच्या प्रमाणपत्रावरून गोठा कळत नाही, म्हणून पाळणाऱ्याचं नाव मागा.

सगळ्यात मोठी तफावत कोंबडीत दिसते. युरोपीय संघाच्या 2018/848 या नियमानुसार (लागू 1 जानेवारी 2022) मांसासाठीच्या कोंबड्यांच्या पक्क्या शेडमध्ये दर चौरस मीटरला जास्तीत जास्त 21 किलो जिवंत वजन चालतं. साध्या ब्रॉयलरसाठी तीच मर्यादा 33 किलो आहे आणि जादा अटी पाळल्या तर 42 पर्यंत जाते. सेंद्रिय पक्ष्यामागे बाहेर 4 चौरस मीटर जागा लागते आणि आयुष्याचा किमान एक तृतीयांश काळ त्याला बाहेर जाण्याची मुभा असावी लागते. कत्तलीचं किमान वय 81 दिवस, नाहीतर जात मंद वाढीची हवी. मेख इथेच आहे: मंद वाढीची जात कोणती, हे सदस्य देश ठरवतात. म्हणून विक्रेत्याला जातीचं नाव आणि कत्तलीचं वय, दोन्ही विचारा. झपाट्याने वजन धरणाऱ्या पक्ष्याचे पाय आणि हृदय बऱ्याचदा त्या वजनाला पुरे पडत नाहीत. दार उघडं असूनही तो बाहेर फारसा फिरकत नाही.

अमेरिकेत कत्तलीच्या वयाची अटच नाही. तिथे वर्षानुवर्षं जाळी लावलेला, छप्पर असलेला व्हरांडा 'बाहेर' म्हणून खपत होता. 2023 च्या नियमाने तो बाद केला, पण बाहेरच्या जागेच्या अटींसाठी कुक्कुटपालकांना 2029 पर्यंत मुदत आहे. तोवर 'बाहेर म्हणजे माती की सिमेंट?' हे विचारावंच लागतं.

गुरांचं गणित वेगळं. यूएसडीएच्या नियमात वर्षाला किमान 120 दिवस चराई आणि त्या हंगामात खाद्याचा (त्यातलं पाणी वगळून मोजलेल्या) सरासरी 30% भाग कुरणातून यावा लागतो. कत्तलीपूर्वी वजन वाढवण्याच्या टप्प्यात मात्र 30% ची अट सुटते. हा टप्पा 120 दिवस किंवा आयुष्याचा पाचवा भाग, यांपैकी जो कमी असेल तेवढाच असू शकतो. युरोपीय नियमांत बांधून ठेवायला बंदी आहे, पण 50 पर्यंत गुरं असलेल्या शेतांना सवलत मिळू शकते. तिथे चराईच्या काळात कुरण आणि एरवी आठवड्यातून किमान दोनदा मोकळी जागा द्यावी लागते. शिंगं काढायलाही प्रकरणागणिक परवानगी मिळते. ती घेतली आहे का, हे विचारा.

'अँटिबायोटिकमुक्त' वाचून लगेच खूश होऊ नका. अमेरिकेत अँटिबायोटिक दिलेलं जनावर सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. शिक्का वाचवण्यासाठी उपचार टाळणं नियमाविरुद्ध आहे, तरी मोह राहतोच. युरोपात मर्यादित उपचार चालतात, मात्र औषध दिल्यावर माल सेंद्रिय म्हणून विकण्याआधी थांबण्याचा काळ नेहमीच्या दुप्पट आणि किमान 48 तास ठेवावा लागतो. आमच्या मते आजारी जनावराच्या दृष्टीने ही पद्धत अधिक भली. उत्पादकाला विचारा: आजारी जनावराचं काय करता, आणि उपचारानंतर ते कुठे विकता? दुसऱ्या प्रश्नावर तो अडखळला तर नोंदी पाहायला मागा.

कत्तलीबाबत एक गोष्ट पक्की आहे. युरोपीय न्यायालयाच्या 26 फेब्रुवारी 2019 च्या निकालानुसार आधी बेशुद्ध न करता कापलेल्या जनावराच्या मांसावर संघाचं सेंद्रिय चिन्ह लावता येत नाही. वाहतुकीत मात्र ढिलाई आहे. विजेचे झटके देऊन जनावरं चढवणं निषिद्ध असलं, तरी प्रवास 'शक्य तितका कमी' एवढंच सेंद्रिय नियम म्हणतो. कत्तलखाना किती तासांवर आहे, हे विचारल्याशिवाय कळणार नाही.

तपासणी साधारण वर्षातून एकदा होते. युरोपात एकूण तपासण्यांपैकी किमान 10% पूर्वसूचनेशिवाय असाव्या लागतात, अमेरिकेत दरवर्षी किमान 5% उत्पादकांकडे असं अचानक जावं लागतं. त्यामुळे सेंद्रियसोबत पशुकल्याणाचं वेगळं प्रमाणपत्र, उदाहरणार्थ ॲनिमल वेल्फेअर अप्रूव्हड, असेल तर त्याला वजन द्या. पशुकल्याणाचा दर्जा पायऱ्यांत देणाऱ्या ग्लोबल ॲनिमल पार्टनरशिपच्या शिक्क्यावर मात्र पायरी कितवी आहे ते वाचा, कारण खालच्या पायऱ्यांवर बाहेर सोडण्याची सक्ती नाही.

काही जुळत नसेल तर पाकीट फेकू नका. बॅच क्रमांक आणि कत्तलखान्याचा किंवा कारखान्याचा क्रमांक (युरोपात तो लंबगोलात छापलेला असतो) यांचा फोटो काढा आणि तक्रार दुकानदाराऐवजी थेट प्रमाणन संस्थेकडे लेखी पाठवा.