वक्र पृष्ठभाग नेमका बिघडतो कुठे? सरफेस मॉडेलिंग करताना या चुका टाळा

मिक्सरच्या बॉडीचं एक मॉडेल मी स्क्रीनवर सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं होतं. एकदम गुळगुळीत. मग मोल्ड तयार झाला, पांढऱ्या चकचकीत एबीएस प्लास्टिकचा पहिला नमुना टेबलावर आला आणि वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बॉडीच्या खांद्यावर मोडलेलं दिसलं. पाण्यात बुडवलेली काठी वाकलेली दिसते, अगदी तसं. बोट फिरवलं तर काहीच लागत नव्हतं.

दोष पृष्ठभागात नव्हताच, खालच्या स्केचमध्ये होता. सरळ रेषेला मी कंस टॅन्जंट जोडला होता. टॅन्जंट म्हणजे दोघांची दिशा जुळली, इतकंच. रेषेची वक्रता शून्य, ३० मिमी त्रिज्येच्या कंसाची १/३०. जोडावर वक्रता एकदम उडी मारते आणि चकचकीत प्लास्टिक ती लपवत नाही. मॅट किंवा टेक्श्चर असलेल्या भागावर हे खपून जातं. चकचकीत भागावर मात्र कंसाऐवजी स्प्लाइन (बिंदूंवरून काढलेला मुक्त वक्र) घ्या आणि जोडावर वक्रताही जुळवा. सॉलिडवर्क्स या थ्रीडी मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ‘इक्वल कर्व्हेचर’ रिलेशन आहे.

पृष्ठभागावर खड्डा दिसला की आपला हात आधी पृष्ठभागाकडेच जातो: पॅच मारा, फिलेट (कडेचा गोलवा) वाढवा. त्याआधी मॉडेलला आधीच्या पायरीवर नेणारा रोलबॅक बार ओढून मूळ वक्रापर्यंत मागे जा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे स्प्लाइनवरचे बिंदू. फोटो मागे ठेवून त्याच्या कडेवर पंधरा-वीस बिंदू टिपले, की वक्र फोटोशी तंतोतंत जुळतो खरा, पण बिंदू-बिंदूमध्ये हलकेच लाटा घेतो. कर्व्हेचर कोंब, म्हणजे वक्रता दाखवणारा कंगवा, चालू करा. कोंबाची टोकं एका सलग ओळीत चढली-उतरली पाहिजेत. करवतीचे दात दिसले तर ते सरळ करत बसू नका, बिंदू पुसा. तीन-चार ठेवा आणि बाकी आकार हँडल ओढून आणा. स्टाइल स्प्लाइन तर याहून सोपी पडते, कारण तिथे वक्र मधल्या नियंत्रण बिंदूंतून जात नाही, त्यांच्याकडे ओढला जातो. हे गणित मोटारीच्या बॉडीसाठीच तयार झालं: सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेलझो यांनी १९५९ मध्ये आणि रेनॉमध्ये पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात.

लॉफ्टला, म्हणजे एका प्रोफाइलपासून (छेदाकृतीपासून) दुसऱ्या प्रोफाइलपर्यंत ताणलेल्या पृष्ठभागाला, पीळ पडत असेल तर दोन्ही प्रोफाइल जोडणाऱ्या कनेक्टरचे हिरवे ठिपके बघा. प्रत्येक प्रोफाइल निवडताना समोरासमोरच्या कोपऱ्यांजवळच क्लिक करायचं. चौकोनावरून वर्तुळावर जायचं असेल तर वर्तुळाचे आधी चार तुकडे करून घ्या.

आता तीन बाजूंचा पॅच. हँडलचं टोक, झाकणाचा कोपरा अशा जागी तीन कडा उरतात आणि आपण घाईने तिथे बाउंडरी सरफेस (कडांमध्ये ताणलेला पृष्ठभाग) घालतो. आतली जाळी मुळात चार बाजूंची असते. एक बाजू शून्य लांबीची झाली की त्या बाजूच्या सगळ्या रेषा एकाच बिंदूत कोंबल्या जातात. तिथे चिमटा पडल्यासारखी सुरकुती दिसते आणि पुढे थिकन (पृष्ठभागाला जाडी देणं) किंवा शेल (भाग आतून पोकळ करणं) नेमका तिथेच अडकतो. यावर माझा भरवसा एकाच उपायावर आहे: गरजेपेक्षा मोठा, चार बाजूंचा पृष्ठभाग कडेबाहेरपर्यंत काढायचा आणि नंतर जादा भाग कापून ट्रिम करायचा. काम थोडं वाढतं, पण ते टिकतं.

अर्धा भाग मिरर करताना मधल्या प्रतलाशी वक्राची स्पर्शिका काटकोनात हवी. नाहीतर मधोमध माशाच्या पाठीसारखी धार उठते.

शेल होत नसेल तर ‘चेक’ टूलमध्ये किमान वक्रता त्रिज्या पाहा. भिंत २.५ मिमी आणि बाहेरचा गोलवा २ मिमी असेल, तर आतल्या बाजूला गोलव्याला जागाच उरत नाही. गोलवा ३ मिमी केला की आत ०.५ मिमी मिळतो.

पृष्ठभाग ‘निट’ (एकमेकांना शिवून सलग) होत नाहीत म्हणून गॅप टॉलरन्स (चालवून घ्यायची फट) वाढवू नका. फट तशीच राहते, फक्त तुमच्या स्क्रीनवर झाकली जाते. स्टेप फाइल (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी मॉडेलची फाइल) मोल्ड बनवणाऱ्या टूलरूमच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की तीच फट पुन्हा उघडी पडते आणि सॉलिडऐवजी सुटे पृष्ठभाग हातात येतात.

फाइल पाठवण्याआधी झेब्रा स्ट्राइप्स (मॉडेलवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रतिबिंब) लावून मॉडेल सावकाश फिरवा. जोडावर पट्टे सरकलेले असतील तर कडा फक्त टेकल्या आहेत. पट्टे जुळले पण कोन करून वळले तर टॅन्जंट. विनाकोन वाहत गेले तर वक्रताही जुळली.

त्या मिक्सरच्या बॉडीत मॉडेलमध्ये दोन स्प्लाइन बदलल्या, अर्ध्या तासाचं काम. मोल्डची कॅव्हिटी (आकार देणारा पोकळ भाग) मात्र परत मशीनवर चढली आणि पॉलिशही पहिल्यापासून करावं लागलं.