पॉइंटर अलायसिंगचा सापळा टाळताना

पॉइंटर म्हणजे स्मृतीतील पत्ता साठवणारे चल, आणि एकाच जागेकडे दोन पॉइंटरनी निर्देश करणे म्हणजे अलायसिंग. सी भाषेत फ्लोटचे (अपूर्णांक संख्येच्या चलाचे) ३२ बिट पूर्णांक म्हणून वाचायचे असतील, तर त्याचा पत्ता पूर्णांकाच्या पॉइंटरमध्ये कास्ट करून (प्रकार बदलून) वाचण्याचा मोह टाळावा. सी भाषेच्या प्रमाणानुसार वस्तूला (स्मृतीत साठवलेल्या किमतीला) न जुळणाऱ्या प्रकाराच्या पॉइंटरमधून ती वाचणे हे अनिर्धारित वर्तन ठरते, म्हणजे प्रोग्राम काय करेल याची हमी उरत नाही. त्यामुळे असे दोन पॉइंटर एकाच जागेकडे निर्देश करत नाहीत असे कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) गृहीत धरतो, आणि एकातून केलेले लेखन दुसऱ्यातील वाचनानंतर ढकलण्यास किंवा रजिस्टरमधील (प्रोसेसरच्या आतल्या जागेतील) जुनीच किंमत वापरण्यास मोकळा होतो. जीसीसी या कंपायलरमध्ये हे गृहीतक ओ-२ या ऑप्टिमायझेशन पातळीपासून लागू होते, म्हणूनच ऑप्टिमायझेशन सहसा बंद असलेल्या डीबग बिल्डमध्ये निमूट चालणारा प्रोग्राम रिलीजमध्ये चुकू शकतो. (दोष कंपायलरचा नाही, हे पचायला वेळ लागतो.)

खात्रीचा उपाय म्हणजे मेमकॉपी या बाइटांची नक्कल करणाऱ्या फंक्शनने ते चार बाइट पूर्णांकाच्या चलात उतरवणे. वेग कमी होण्याची भीती बहुधा अनाठायी असते, कारण ऑप्टिमायझेशन चालू असताना कंपायलर सहसा फंक्शन न बोलावता एखादीच मूव्ह (डेटा हलवणारी) सूचना देतो. सी++२० मध्ये यासाठी बिट-कास्ट हे फंक्शन आहे. युनियनचा (एकाच जागेत वेगवेगळे प्रकार ठेवणाऱ्या रचनेचा) मार्ग सीमध्ये चालतो. सी++ मध्ये नाही.

कॅरेक्टर प्रकाराच्या पॉइंटरने कोणतीही वस्तू बाइटागणिक वाचता येते, पण कॅरेक्टर अ‍ॅरेलाच पूर्णांक समजून वाचण्याची सवलत नाही, आणि तेथे अलाइनमेंटही (पत्ता ठरावीक पटीत असण्याची अट) आडवे येते.

जुना कोड बदलणे अशक्य असेल, तर कंपायलरला हे गृहीतक सोडायला लावणारा नो-स्ट्रिक्ट-अलायसिंग हा पर्याय द्यावा. लिनक्स कर्नलही तसाच बांधला जातो.