एचएमएफपासून एफडीसीए: उत्प्रेरकाला दोष देण्याआधी या चुका टाळा

एचएमएफचं (साखरेपासून मिळणारं हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल) ऑक्सिडेशन करून एफडीसीए (फ्युरान डायकार्बोक्सिलिक आम्ल, प्लास्टिकचा कच्चा माल) बनवायला प्लॅटिनम किंवा सोनंच लागतं असं नाही. पाणी, सोडियम बायकार्बोनेट, १०० अंश सेल्सियस, १० बार ऑक्सिजन आणि साधारण २४ तास एवढं दिलं की मँगनीज डायऑक्साइडही उत्प्रेरक म्हणून काम करतो. यील्ड, म्हणजे हाती येणारं उत्पादन, घसरलं की पहिला संशय त्याच्यावरच घेतला जातो. बहुतेकदा दोष दुसरीकडेच असतो.

बायकार्बोनेट मोजून घाला. १ ग्रॅम एचएमएफला, म्हणजे ७.९ मिलिमोलला, तिप्पट मोल म्हणून २ ग्रॅम. कमी पडलं तर तयार झालेलं आम्ल विरघळत नाही, उत्प्रेरकावरच बसून राहतं. त्याऐवजी कॉस्टिक सोडा घालण्याचा मोह टाळा. तीव्र अल्कलीत एचएमएफ ऑक्सिडेशनला पोचण्याआधीच बिघडतं आणि द्रावण गडद तपकिरी होतं.

आता ऑक्सिजन. एका एचएमएफ रेणूला दीड ऑक्सिजन रेणू लागतो, म्हणून १ ग्रॅमला जवळपास १२ मिलिमोल. रिअ‍ॅक्टरमध्ये द्रावणावर २५ मिलिलिटर मोकळी जागा असेल तर १० बारला थंड असताना तिथे जेमतेम १० मिलिमोल मावतो. म्हणजे मध्येच ऑक्सिजन संपणार! दाब पुन्हा भरा किंवा बॅच लहान करा. आणि हो, ऑक्सिजन लाइनला तेल-ग्रीस अजिबात नको.

एचपीएलसीच्या (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) आलेखात एचएमएफचं शिखर गायब झालं म्हणून अभिक्रिया थांबवू नका. शेवटची पायरी, एफएफसीए या मधल्या संयुगाचं एफडीसीए होणं, सगळ्यात संथ असते. उरलेल्या एफएफसीएला एकच आम्लगट असतो. एफडीसीएपासून पीईएफ हे प्लास्टिक बनवताना असा रेणू पॉलिमरची वाढती साखळी तिथेच थांबवतो.

एचपीएलसीचा नमुना आम्लयुक्त द्रावणात पातळ केला की एफडीसीए साका होऊन खाली बसतं, कारण थंड पाण्यात ते लिटरला साधारण १ ग्रॅमच विरघळतं. बायकार्बोनेटच्या पाण्यात पातळ करून मगच गाळा.

वेगळं काढताना आधी उत्प्रेरक गाळून घ्या, मग हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालत पीएच २ च्या खाली आणा. २ ग्रॅम बायकार्बोनेटमधून अर्ध्या लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघू शकतो, त्यामुळे भांडं मोठं हवं. साका थंड पाण्याने धुवून वाळवा. १ ग्रॅम एचएमएफपासून जास्तीत जास्त १.२४ ग्रॅम एफडीसीए मिळू शकतं; वजन त्याच्या वर भरलं तर खूश होऊ नका: त्यात मीठ राहिलंय किंवा पाणी.